कलमावरून पडलेला माणूस कुठल्या यादीत बसतो?

मार्च संपता संपता हापूसची काढणी भरात येते आणि हाडांच्या वॉर्डात कलमावरून, म्हणजे आंब्याच्या झाडावरून, पडलेली माणसं यायला लागतात. मेमध्ये त्यात छपरावरून पडलेल्यांची भर पडते. पाऊस तोंडावर आला की कौलं परतायची, ताडपत्री ओढायची, पत्र्याच्या फटी बुजवायच्या, सगळी कामं एकदम निघतात. जुना सिमेंटचा पत्रा वरून धड दिसतो, पण पाय पडला की फुटतो आणि माणूस थेट खालच्या कोब्यावर आपटतो. शिवाय नारळ, सुपारी, शेवगा, जांभूळ आहेतच. जांभळाची फांदी दगा देते हे गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं, तरी दरवर्षी कोणीतरी तिच्यावर चढतंच.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. कोकणात आधी सरकारी आणि मग खासगी दवाखान्यात मणक्याचे पेशंट बघत आले. त्यावरून माझं ठाम मत झालं आहे ते लिहिते: यातली बहुतेक माणसं कामावर असताना जायबंदी झालेली असतात, आणि आपण त्यांची गणती "नशिबात होतं" या खात्यात करून मोकळे होतो.

मणक्याला मार लागण्याची दोन मोठी कारणं जगभर तीच आहेत, पडणं आणि रस्त्यावरचे अपघात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे आज दीड कोटीहून जास्त माणसं मज्जारज्जूच्या, म्हणजे मणक्यांच्या आतून जाणाऱ्या नसांच्या दोराच्या, इजेसह जगत आहेत. महामार्गालगतच्या मोठ्या रुग्णालयात बाइकवाले जास्त दिसतील, आमच्यासारख्या भागात उंचावरून पडलेले. वय मात्र बहुतेकदा एकच असतं, कमावतं. विशी ते चाळिशीतले पुरुष. बायका येतात त्या वेगळ्या वाटेने: बाइकवर एका अंगाला बसलेल्या असताना खड्ड्यात उडून पडतात, ओढणी नाहीतर पदर चाकात जाऊन मानेला हिसका बसतो. एसटीच्या शेवटच्या सीटवर बसलेल्या आजी गतिरोधकावर उसळून खाली आदळतात आणि ठिसूळ झालेला मणका दबतो. घरी सगळे "कमरेत भरलंय" म्हणून तेल चोळत राहतात. म्हाताऱ्या माणसांचं आणखी एक सांगायला हवं. न्हाणीघरात घसरून कपाळ आपटलं, मान मागे गेली, एक्स-रेमध्ये काही मोडलेलं दिसत नाही, पण हातातून पेला सुटतोय. पाय चालतात आणि हात लुळे पडतात, अशी ही इजा असते. एक्स-रे चांगला आला म्हणून अशा माणसाला घरी नेऊन झोपवू नका.

झाडावरून पडणारा बरेचदा पायांवर नाहीतर बुडावर आदळतो. धक्का टाचेतून वर चढत जातो आणि छातीचा पिंजरा जिथे संपतो तिथे फुटतो. वरचे मणके बरगड्यांनी जखडलेले, खालचे कमरेचे हलते. या सांध्यावर, म्हणजे छातीच्या बाराव्या आणि कमरेच्या पहिल्या मणक्यापाशी, सगळा भार येतो. मज्जारज्जूही तिथेच संपत आलेला असतो. म्हणून उंचावरून पडलेल्याच्या टाचा मोडल्या असतील तर मणका तपासायचाच, हे हाडांच्या डॉक्टरांना पहिल्या वर्षापासून शिकवतात.

एक पोरगा आठवतो. बागेत मजुरीला होता. दोन्ही टाचांना प्लास्टर, ऑपरेशन होऊन पाठीत रॉड आणि स्क्रू. मी व्यायाम घ्यायला गेले की रोज विचारायचा, "मॅडम, प्लास्टर कधी काढणार?" पाय हलत नाहीत ते प्लास्टरमुळे, असं त्याने धरून ठेवलं होतं. त्याच्या आईला खरं माहीत होतं आणि ती तेव्हा खिडकीकडे तोंड करून डबा आवरत बसायची. पडल्यावर त्याला सोबतच्यांनी आधी बसवलं, पाणी पाजलं, "उभा राहून बघ जरा" म्हणून काखेत धरून उचललं आणि मग रिक्षात घातलं. त्याचे पाय झाडाखालीच गेले होते की उचलताना, ते आता कोणी सांगू शकत नाही. पण मोडलेला मणका वाकवला, पिळला तर आत शिल्लक असलेलं तेही जाऊ शकतं. पडलेल्याला बसवू नका. हलवणं भागच असेल तर डोकं, मान, कंबर एका रेषेत धरून तीन-चार जणांनी एकदम कुशीवर वळवा, पाठीखाली फळी सरकवा, फळी नसेल तर दार काढा. नाहीतर १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत आहे तिथेच आडवं ठेवा.

आता पैशांचं. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत उंचावरून पडणं धरलेलं आहे. मृत्यूला किंवा दोन अवयव गेले तर २ लाख, एक गेला तर १ लाख. योजना चांगली आहे, तिचा आधार मिळालेली घरं मी पाहिली आहेत. पण ती सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या एकाला. आमच्याकडे कलमावर चढतो कोण? बागायतदार क्वचितच. चढतो तो गावातला भूमिहीन गडी, नाहीतर हंगामापुरता आलेला नेपाळी. त्याचा सातबाराशी संबंध नाही. २०२२ मध्ये सरकारने दहीहंडीला साहसी खेळ ठरवून गोविंदाच्या मृत्यूला १० लाखांची मदत जाहीर केली. गोविंदालाही मिळायलाच हवी, थरावरून पडून मान मोडलेल्या पोराचं दुःख काही कमी नसतं. फक्त जो चार पैशांसाठी रोज तितक्याच उंचीवर चढतो त्याच्यासाठीही कोणीतरी असाच निर्णय घ्यायला नको का? नारळ पाडणाऱ्यांसाठी नारळ विकास मंडळाची केरा सुरक्षा नावाची विमा योजना आहे. म्हणजे झाडावर चढणं हा जोखमीचा धंदा आहे हे मान्य करता येतं. मग हापूसच्या गड्यासाठी का नाही?

माझ्या मते गाडी अडते ती केसपेपरवर. तिथे लिहिलेलं असतं "फॉल फ्रॉम हाइट". झालं. कशावरून पडला, कोणाच्या कामावर होता, मजुरीने होता की घरचं काम होतं, दोर किंवा पट्टा होता का, इथपर्यंत कसा आणला, यातलं काही नाही. अपघात विभागातल्या सिस्टरना आणि इंटर्नना मी दोष देत नाही, तिथे श्वास घ्यायला फुरसत नसते. पण छापील कागदावर चार रकाने वाढवायला काय लागतं? ते भरले गेले तर दोन हंगामांत प्रत्येक जिल्ह्याला कळेल की आपली माणसं कलमावरून जास्त पडतात की पत्र्यातून, की विहिरीच्या कठड्यावरून. त्याशिवाय विमा कोणाला, पट्टे कोणाला, हे ठरवायचं कशाच्या आधारावर?

आणि दवाखान्यातून सोडल्यावर पुढे काय? आमचं काम तिथेच तुटतं. ऑपरेशन आता योजनांमधून होतं, पण माणूस घरी गेला की माकडहाडावर जखम होते, लघवीच्या नळीतून जंतुसंसर्ग होतो, आणि मणक्यातून वाचलेला माणूस त्यात जातो. दर दोन तासांनी कूस बदलणं, ठरलेल्या वेळी स्वतः नळी घालून लघवी काढणं, दाढीच्या आरशात रोज आपल्याच पाठीची कातडी बघणं, हे शिकवावं लागतं आणि त्याला आठवडे लागतात. सैनिकांसाठी खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर, म्हणजे कमरेखाली लुळे पडलेल्यांचं पुनर्वसन केंद्र, आहे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झालेले आपले सांगलीचे मुरलीकांत पेटकर १९७२ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमधून पोहण्याचं सुवर्णपदक घेऊन आले. सगळ्यांनी पदकं आणावीत असं माझं म्हणणं नाही. बागेतल्या गड्याला निदान व्हीलचेअरवरून स्वतःच्या दुकानाच्या गल्ल्यावर बसता यावं, इतकं शिकवणारी खाटांची सोय प्रत्येक जिल्ह्यात हवी. मुंबईला हाजी अलीची सरकारी पुनर्वसन संस्था आहे, पण रत्नागिरीतून तिथे जाऊन राहायचं म्हणजे घरातली दुसरी कमाईही बंद.

बागायतदारांनो, माझी ही पोस्ट तुमच्याविरुद्ध नाही. माझ्या माहेरचीही कलमं आहेत. जमिनीवरून हात पोचेल तिथपर्यंत झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या लांब काठीने, काढा, दापोलीच्या विद्यापीठाचा नूतन झेला त्यासाठीच आहे. उंच जुन्या कलमांची छाटणी करून ती खाली आणा, फळही सुधारतं. वर चढवायचाच असेल तर कमरेला पट्टा आणि दोर द्या, पहाटेच्या दवात ओल्या फांदीवर चढवू नका. पत्र्यावर जायचं असेल तर खाली वासा कुठे आहे ते बघून आडवी फळी टाका आणि फळीवरूनच चाला. गड्याचा अपघात विमा हंगामाआधी उतरवा, पोस्टात आणि बँकेत वर्षाच्या हप्त्याचे साधे विमे मिळतात, एका पेटीच्या किमतीत कितीतरी गड्यांचे होतील.

जिल्हा रुग्णालयातल्या केसपेपरच्या रकान्यांसाठी मी निवेदनाचा मसुदा केला आहे. सही करायची असेल त्यांनी खाली लिहा, मी पाठवते. डॉक्टर, सिस्टर, आशाताई यांच्या सूचना आधी हव्या आहेत, कारण तो कागद भरायचा तुम्हालाच आहे.