‘कट्’ आवाजानंतरचे दोन दिवस

कंबर धरली की आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणी भागात आधी चोळून घेतात. उसण भरली म्हणून एखाद्या पायाळू माणसाचा पाय लावून घेतात. आणि हल्ली मोबाइलवर व्हिडिओ बघून मणक्याला हाताने झटके देणाऱ्या कायरोप्रॅक्टिकवाल्याकडे ‘कट् कट्’ करून घ्यायला जातात. उठल्यावर हलकं वाटतं, आणि ते खोटं नाही. पण चार दिवसांत कंबर परत धरते आणि माणूस परत त्याच टेबलावर. त्या हलकेपणात जो व्यायाम व्हायला हवा होता तो झालेलाच नसतो, म्हणून हे घडतं.

तो आवाज सरकलेलं हाड जागेवर बसल्याचा नव्हे. सांध्यातल्या द्रवावरचा दाब एकदम उतरतो, वायूची पोकळी तयार होते, त्याचा आवाज येतो. बोटं मोडताना तेच होतं. अशा झटक्याने आखडलेले स्नायू सैल पडतात, दुखणं काही तास, कधी दोन-तीन दिवस कमी राहतं. ताकद मात्र तेवढ्याने येत नाही. तिला नेमाने केलं तरी सहा-आठ आठवडे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीबद्दल ज्या शिफारशी दिल्या त्यात हाताने मणक्याला दिलेली ही चालनाही आहे आणि व्यायामही. कंबरपट्टा आणि ट्रॅक्शन (कंबर ओढून ताण देणं) सर्रास वापरू नका, असंही त्यात सांगितलंय. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं: पट्टा वर्षभर आणि व्यायाम एक दिवस.

मग त्या दोन दिवसांत करायचं काय? सुरुवात रांगण्याच्या अवस्थेतून. सतरंजीवर हात खांद्यांखाली, गुडघे खुब्यांखाली. कमरेवर पाण्याने भरलेली वाटी ठेवली आहे असं समजा. उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे सरळ करा, आठ-दहा सेकंद थांबा, खाली आणा, मग दुसरी बाजू. प्रत्येक बाजूला आधी ६, थोडं थांबून ४, मग २. चूक बहुतेक एकच होते: पाय कुल्ल्याच्या वर उचलला जातो, कंबर खाली झोळीसारखी पडते आणि वाटी सांडते. पाय टाचेने मागच्या भिंतीकडे ढकलायचा, छताकडे नाही. श्वास रोखायचा नाही.

दुसरा व्यायाम पाठीवर झोपून कुल्ले उचलण्याचा. टाचा कुल्ल्यांपासून साधारण वीतभर. त्याहून लांब ठेवल्या तर मांडीच्या मागे गोळा येतो आणि लोक म्हणतात, व्यायाम सोसला नाही. गुडघा, खुबा, खांदा एका रेषेत आले की थांबा. त्याहून वर गेलात तर काम कमरेवर पडतं. दहा वेळा, दोनदा.

खुब्याचं दुखणं म्हणून जे येतं ते आधी ओळखायला हवं. दुखणं जांघेत असेल आणि मांडी घालून बसता येत नसेल तर खुब्याच्या सांध्याचाच संशय घ्या. फार दिवस स्टेरॉइड घेतलेल्यांत आणि भरपूर दारू पिणाऱ्यांत खुब्यातल्या मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. तिथे झटके नकोत, आधी तपासणी हवी. दुखणं बाहेरच्या बाजूला असेल, त्या कुशीवर झोपवत नसेल, तर बहुधा स्नायू हाडाला जोडणारा कंडरा दुखावलेला असतो. असे लोक पायावर पाय टाकून ताण देत बसतात आणि दुखणं वाढवतात. ताण बंद करा. रात्री दोन गुडघ्यांत उशी घ्या, एका पायावर भार टाकून उभं राहणं सोडा, आणि कुल्ले उचलण्याचा व्यायाम करा.

वाकण्याची सवय बदलली नाही तर हे सगळं वाया जातं. नट्टीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत बायका गुडघे ताठ ठेवून तासन्‌तास कमरेतून वाकलेल्या असतात. बांबूची काठी पाठीला उभी लावून बघा: डोकं, दोन खवाट्यांमधली जागा आणि माकडहाड, तिन्हीकडे टेकायला हवी. गुडघे किंचित सैल सोडून कुल्ले मागे सारत वाका. काठी सुटली की कंबर वाकली, सुटली नाही तर खुबा वाकला. चिखलात हे दिवसभर जमणार नाही, कबूल. पण वीसेक मिनिटांनी सरळ होऊन, हात कमरेवर ठेवून, पाच वेळा मागे झुकणं जमतं. आणि वाकून उठल्या उठल्या रोपांचा भारा उचलू नका. पाठीचे ताणलेले बंध लगेच पूर्ववत होत नाहीत.

सकाळचंही तसंच. रात्रीत मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात, त्यामुळे उठल्यावर पहिला तासभर खोल वाकणं टाळा. झाडलोट, हंडा आणि सूर्यनमस्कारसुद्धा थोडे उशिरा. (सूर्यनमस्कार वाईट नाहीत, पाच वाजताची ती वेळ दुखऱ्या कमरेला वाईट.)

व्यायामात दहापैकी तीन-चारपर्यंत दुखलं आणि सकाळपर्यंत उतरलं तर चालू ठेवा. पोटरीतलं दुखणं कुल्ल्यापर्यंत मागे आलं तर ते चांगलं लक्षण. खाली पायात उतरायला लागलं तर तो प्रकार थांबवा. लघवी अडकणं, बैठकीची जागा बधिर होणं, पाऊल लुळं पडणं, यात झटका नाही, व्यायाम नाही, त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल. ताप, वजन उतरणं आणि रात्रीची ठसठस असेल तर मणक्याचा टीबी नाही ना, हे आधी बघा. हाडं ठिसूळ झालेल्या आजीच्या कमरेला तर झटका देऊच नये.

दुखणं थांबल्यावर चालणं सोडू नका. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ऑस्ट्रेलियातल्या ७०१ जणांच्या चाचणीत, चालण्याचा कार्यक्रम पाळणाऱ्यांपैकी निम्म्यांची कंबर परत धरायला २०८ दिवस लागले, न पाळणाऱ्यांपैकी निम्म्यांची ११२ दिवसांतच धरली. बेळगावात व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली दहा मिनिटांपासून सुरू करा आणि हळूहळू आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास, इथवर न्या. आणि टेबलावरून उठल्यावर समोरच्याला विचारा, ‘आता घरी काय करू, करून दाखवा आणि माझ्याकडून करून घ्या.’ पुढच्या दहा खेपांचं पॅकेज हेच उत्तर मिळालं तर दुसरीकडे जा.