गॅस संपत नाही, गळतो

एप्रिल लागला की ग्वाल्हेरच्या आमच्या लष्कर भागात घरोघरी तोच प्रवेश रंगतो. मेकॅनिक स्टुलावर चढतो, एसीचं झाकण उघडतो, नळीला हात लावतो आणि उतरता उतरता म्हणतो, "भाभीजी, गैस कम है, भरवा लो." आपण भरून घेतो. पुढच्या एप्रिलला पुन्हा भरून घेतो. एसी म्हणजे जणू स्वयंपाकाचा सिलिंडर, वर्षाला एक लागणारच!

या गॅसभरतीला आपण सर्व्हिसिंग म्हणतो, ते मला मुळीच पटत नाही. एसीतला गॅस जळत नाही, वापरून कमी होत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो, खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो आणि परत आत येतो. तो कमी झाला याचा अर्थ कुठेतरी वाट फुटली आहे. तेव्हा "गॅस कमी आहे" ऐकल्यावर "किती घेणार, भैया?" एवढं विचारून थांबू नका. आधी विचारा, गळतंय कुठे? बऱ्याचदा सांध्यापाशी तेलकट डाग दिसतो, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं थोडं तेलही बाहेर येतं. साबणाचा फेस लावला की तिथे बुडबुडे येतात. बारीक गळती असेल तर नायट्रोजनचा दाब देऊन शोधतात. ती बंद करायची, व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतली हवा आणि ओल काढायची, आणि मग काट्यावर वजन करून गॅस भरायचा. किती भरायचा ते बाहेरच्या युनिटवरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. काटा आणि पंप न आणता नुसता सिलिंडर घेऊन येणारा माणूस अंदाजाने भरतो, आणि गॅस जास्त झाला तरी थंडावा घटतो, कॉम्प्रेसरवर ताण येतो.

स्वर्णरेखा नाल्याच्या आसपास राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सांडपाण्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. तो तांब्याला खातो आणि कॉइलला, म्हणजे एसीतल्या तांब्याच्या नळ्यांना, डोळ्यांना न दिसणारी छिद्रं पडतात. तुमच्या देवघरातली चांदीची निरांजनं, ताम्हन घासून ठेवल्यावर फार लवकर काळी पडत असतील, तर तीच हवा एसीच्या कॉइलवरूनही फिरते आहे. अशा घरी दर वर्षी गॅस भरण्यात अर्थ नाही. कॉइल बदलायची वेळ आली तर कोटिंग केलेली मिळते का ते विचारा.

पण मुळात बिघाड आहे की नाही, हे कसं ओळखायचं? आपल्याकडे नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापलेल्या दिवसांत, सगळ्यांनाच वाटतं की मशीन गेलं. एसीची क्षमता ठरवतात ती बाहेर ३५ अंश असताना. ग्वाल्हेरला मेच्या अखेरीस पारा ४५ च्या वर जातो, वरच्या मजल्याचं पटियांचं (दगडी फरश्यांचं) छत रात्री दहालाही भट्टी असतं, आणि दीड टनाचं मशीन दुपारी चारला हाशहुश करतं. हा बिघाड नव्हे. मशीनला सकाळी सहाला चालवून बघा. तेव्हा खोली झटपट गार होत असेल तर दोष छताचा आणि उन्हाचा. पहाटेही अर्धा तास घामच पुसावा लागत असेल तर दोष मशीनचा.

याहून पक्की परीक्षा हवी असेल तर एक साधा डिजिटल थर्मामीटर घ्या. रिमोटवर १८ लावा आणि पंधरा-वीस मिनिटं चालू द्या. मग आतल्या युनिटमध्ये हवा वरून शिरते तिथलं तापमान बघा आणि खाली जिथून बाहेर येते तिथलं बघा. साधारण ८ ते १२ अंशांचा फरक असला तर मशीन काम करतं आहे. चार-पाचच अंश पडत असतील तर बोलवा माणसाला, आणि हा आकडा त्याच्या तोंडावर सांगा. आकडा सांगणाऱ्या गिऱ्हाइकाशी लोक जरा जपून बोलतात, हा माझा अनुभव.

नळीवर किंवा कॉइलवर बर्फ जमला की घरात आधी आनंद होतो, "बघा, किती गार करतोय!" तो आजार आहे. कारणं बहुधा दोनच: फिल्टर चोंदल्यामुळे हवा पुरेशी जात नाही, किंवा गॅस कमी आहे. मशीन बंद करा, बर्फ आपोआप वितळू द्या (सुरीने खरवडू नका, कॉइल फाटेल), फिल्टर नळाखाली धुऊन वाळवून लावा. आपल्या लूमध्ये जी बारीक धूळ येते तिच्यामुळे मे-जूनमध्ये हे पंधरा दिवसांनी करावंच लागतं. स्वच्छ फिल्टरवरही पुन्हा बर्फ आला, तर मग गळतीचा संशय घ्या.

आतून पाणी टपकतंय? बहुतेक वेळा ड्रेनच्या पाइपात शेवाळ अडकलेलं असतं. फुंकून किंवा पाण्याने मोकळा होतो, यासाठी गॅसचं बिल देऊ नका.

बाहेरचं युनिट नुसतं गुणगुणतंय आणि पंखा फिरत नाही, किंवा मशीन मिनिटा-दोन मिनिटांनी चालू-बंद होतंय, तर कपॅसिटर तपासायला सांगा. उन्हाळ्यात आपल्याकडे व्होल्टेज पडतं, त्यात हा छोटा डबा आधी जातो. तो तसा स्वस्त. पण "कंप्रेसर गया" म्हणून सांगणारे महाभाग आहेत, म्हणून नाव माहीत असलेलं बरं. स्वतः हात मात्र घालू नका, लाइट बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते. प्लग गरम लागला, जळका वास आला, तर विचार न करता एमसीबी पाडा. बिल तपासताना रुपये बघू नका, युनिटं बघा, आणि गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून बघा. वापर तोच आणि युनिटं एकदम वाढलेली, म्हणजे मशीन तेवढ्याच गारव्यासाठी जास्त राबतंय.

कूलरवाल्यांसाठी एवढंच: जुलैत कूलर काम करत नाही तो बिघडला म्हणून नव्हे. पाणी सुकण्यावर त्याचा सगळा खेळ आणि पावसाळी हवेत पाणी सुकत नाही. मेमध्ये, कोरड्या लूमध्ये गार करत नसेल तर घास, म्हणजे कूलरच्या जाळीतला पाण्याने भिजणारा गवताचा थर, बघा. तिच्यावर क्षाराचा पांढरा थर बसला असेल किंवा मधेच कोरडे पट्टे राहत असतील तर पंप नाहीतर घास, दोन्हींपैकी एक बदलायचं आहे. लोखंडी कूलरला हात लावल्यावर झिणझिणी आली तर त्याच क्षणी बंद. "थोडा करंट मारतो" हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहज बोललं जातं की मला दर वेळी काटा येतो.

डिसेंबरात, तानसेन समारोहाच्या सुमारास सगळं उलटं होतं. ज्यांच्याकडे हॉट अँड कोल्ड एसी आहे त्यांचे फोन सुरू होतात, "वहिनी, मधेच वारा बंद पडतो, बाहेर वाफा निघतात." घाबरू नका. कडाक्याच्या थंडीत बाहेरच्या कॉइलवर दहिवर गोठतं आणि ते वितळवायला मशीन पाच-दहा मिनिटं आत वारा थांबवतं. ते दहिवर तासन्‌तास जाडच राहत असेल, किंवा हीटिंगवर सतत गार हवा येत असेल, तेव्हा दुरुस्ती. गॅसचा हीटर आणि बंद न्हाणीघरातला गॅस गीझर यांच्याबाबतीत मात्र मी ऐकून घेत नाही: ज्योत पिवळी दिसली की बंद, खिडकी उघडा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, डोकं जड होतं आणि माणूस झोपतो.

राहिलं जुनं मशीन. पट्टीवर आर-२२ लिहिलेलं असेल आणि कॉइल गळत असेल तर माझं मत, पैसे घालू नका. ओझोनच्या थराला घातक म्हणून तो गॅस १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार टप्प्याटप्प्याने हटवला जातोय. आणि त्याच मशीनमध्ये "नया वाला डाल देता हूँ" म्हणत कुणी आर-३२ चा सिलिंडर घेऊन आला, तर तो गॅस जास्त दाबाचा आणि थोडाफार पेट घेणारा आहे, जुनं मशीन त्यासाठी बनलेलंच नाही. त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.