एटीजी काढ्याने धुऊन निघत नाही

थॅलेसेमियाच्या मुलांच्या पालकांमध्ये एक मेसेज फिरतोय. बोनमॅरो ट्रान्सप्लांटच्या वेळी दिलेलं 'सशाचं सिरम' (म्हणजे एटीजी) आणि कॅम्पाथ ही टी पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या रक्तपेशी) मारणारी औषधं आयुष्यभर शरीरात राहतात. टी पेशी कायमच्या मरतात. म्हणूनच दोन वर्षं लस देत नाहीत. सशाचा डीएनए मुलात मिसळतो. उपाय? 21 दिवस गुळवेलीचा काढा आणि भरपूर पाणी, म्हणजे सगळं लघवीवाटे बाहेर! माझ्या मावसबहिणीच्या मुलाचं ट्रान्सप्लांट नुकतंच झालंय. तिने विचारलं, "दादा, गुळवेल कधीपासून देऊ?" नाहीतर असले मेसेज मी उघडतही नाही.

आधी काढाच घेऊ. ही दोन्ही औषधं अँटिबॉडी आहेत, म्हणजे आकाराने मोठी प्रथिनं. निरोगी मूत्रपिंडाच्या गाळणीतून ती जवळपास जातच नाहीत. काही टी पेशींना चिकटून संपतात, उरलेली शरीरातल्या पेशींच्या आत तुटतात. घागरभर पाणी प्यायलं तरी त्यांचा वेग तोच. आणि गुळवेल? करोनाकाळात ती घेतल्यावर यकृताला इजा झालेले 6 रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवले होते. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, तो वाद बाजूला ठेवू. पण दात्याच्या पेशी मुलाच्या यकृतावर, त्वचेवर, आतड्यांवर उलटू नयेत म्हणून त्याला सायक्लोस्पोरिनसारखी औषधं चालू असतात. अशा मुलाला 'इम्युनिटी वाढवणारा' काढा पाजायचा? डॉक्टरांना न विचारता?

'आयुष्यभर' या शब्दाला उत्तर 2003 सालीच 'ब्लड' या नियतकालिकात मिळालंय. कॅम्पाथ रोज 20 मिलिग्रॅम असं पाच दिवस दिलेल्या रुग्णांच्या रक्तातली पातळी मोजली, तर अर्धायुष्य, म्हणजे पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ, साधारण 8 दिवस निघालं. पेशी मारू शकेल इतकं औषध ट्रान्सप्लांटनंतर सुमारे 56 व्या दिवसापर्यंत उरत होतं. दोन महिने, आयुष्य नव्हे.

मेसेजमध्ये अर्धं खरं आहे, तेही सांगतो. सलाइन संपलं म्हणजे औषध संपलं असं नाही. मागे उरलेलं औषध दात्याकडून आलेल्या नव्या टी पेशीही मारतं. जीव्हीएचडी (दात्याच्या पेशी मुलावर उलटण्याचा तोच आजार) टाळायला ते थोडं हवंच असतं, पण जास्त उरलं तर सीएमव्ही, अॅडिनोव्हायरस असे विषाणू डोकं वर काढतात. एटीजीचं तर एकूण प्रमाण रक्तात बरेच आठवडे मोजता येतं, पण पेशींना चिकटू शकणारा भाग त्याआधीच ओसरतो. डोस देताना रक्तात लिम्फोसाइट (टी पेशी ज्यात मोडतात त्या पांढऱ्या पेशी) कमी असतील तर औषध जास्त उरतं, म्हणून केवळ वजनावरून डोस ठरवण्यावर तज्ज्ञांमध्येच वाद आहे.

टी पेशी परत येतात. सावकाश येतात, कधी वर्ष लागतं, पण येतात.

लसीचं म्हणाल तर दोन वर्षं थांबायचं ते गोवर, कांजिण्यांसारख्या जिवंत लसींसाठी, कारण नवी प्रतिकारशक्ती कच्ची असते. बाकीच्या बऱ्याच लसी काही महिन्यांतच सुरू होतात.

सशाच्या डीएनएवर मी वेळ घालवणार नाही. प्रथिन टोचलंय, ससा नाही.