दोन मिन्टं थांब न बे

आज आमच्याकडे आठवडी बाजार. स्टँडजवळ १०८ रुग्णवाहिका अडकलेली, भोंगा सुरू, आणि तिच्या पुढे रस्त्याच्या मधात गाडी लावून एक साहेब भरताची वांगी निवडत होते. मी म्हटलं, दादा, गाडी बाजूला घ्या, आत पेशंट आहे. तर म्हणतात, "दोन मिन्टं थांब न बे, काय मरून राह्यला का कोनी?"

मागच्या काचेतून एक बाई दिसत होती. कोणाचं तरी डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

तीन वर्षांपूर्वी तिच्या जागी मी होतो. बाबा रात्री शेतात जागलीला गेले होते, धुऱ्यावर घोणस चावली. पीएचसीत इंजेक्शन देऊन लगेच यवतमाळला पाठवलं. वाटेत वरात. नागिणीच्या गाण्यावर पोरं रस्त्यात लोळत होती आणि आत बाबांचा पाय मांडीपर्यंत सुजला होता. गाडीतले डॉक्टर खाली उतरून हात जोडत होते. वीस मिनिटं गेली! वरातीत अर्धे आमचेच भाऊबंद होते.

कायदा नाही असं नाही. २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्यात कलम १९४ई आहे. गाडी चालवणाऱ्यानं रुग्णवाहिकेला, अग्निशमनच्या गाडीला वाट दिली नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार दंड, किंवा दोन्ही. आमच्या तालुक्यात हा दंड भरलेला एक माणूस मला दाखवा. हेल्मेट नसलं की फोटो काढून चलान मोबाइलवर येते. आज शिपाई चार पावलांवर उभा होता. साहेबांना नमस्कार घातला त्यानं.

काही ड्रायव्हर रिकाम्या गाडीतही भोंगा वाजवतात, मान्य. बाजाराच्या दिवशी रस्त्यावर जागाच नसते, तेही मान्य. पण आत कोण आहे हे बाहेरच्यानं ठरवायचं का?

"वाचले न तुझे बाबा, मग?" असं मला लोक म्हणतात. वाचले. घोणशीचं विष किडनीवर जातं. दीड महिना डायलिसिसला नेलं, एक बैल विकला. त्या वीस मिनिटांनी किती बिघडवलं हे डॉक्टर सांगू शकले नाहीत, आणि मी रात्री झोपताना तेच मोजतो.

ती नाचणारी पोरं वाईट नव्हती. त्यातलाच एक नंतर रक्त द्यायला आला, खाली मान घालून बसला होता. त्याच्यावर राग धरवत नाही. पण त्या रात्री डीजेची गाडी चालवणाऱ्याला दहा हजार बसले असते, तर पंचक्रोशीतली पुढची वरात बाजूनं गेली असती.

वैशाखात पुतणीचं लग्न आहे. भावाला सांगून टाकलं, वरातीपुढं रस्ता मोकळा ठेवायला चार पोरं उभी कर, नाहीतर मी मांडवात येत नाही. तो रुसला आहे. वहिनीचाही फोन आला. बाबा मात्र ऐकून म्हणाले, "त्या चारात मले धर."