मनात मांडे, पदरात ग्रॅनाइट

सैपाकघर नव्यानं करायचं ठरवलंत, फार छान केलंत. सुरुवातीलाच एक पथ्य सांगून ठेवतो, तेवढं पाळलंत की पुढचं सगळं आपोआप होतं. घरात जी रोज सैपाक करते तिला यातलं काहीही विचारायचं नाही. ती भलतंच काढत बसते. वर्षाची चटणी कुठं ठेवू, पाण्याचं पिंप कुठं जाईल, काठवट कशावर टेकवू. असल्या शंकांनी चांगली चांगली डिझाइनं बिघडलेली आहेत. विचारायचंच असेल तर मेव्हण्याला विचारा, कारण त्यानं पुण्यात फ्लॅट घेतलाय. मग वास्तुवाल्याला. मग ऑफिसातल्या सायबाला. तिघांपैकी एकालाही साधी आमटी करता येत नाही ना, एवढी खात्री तेवढी आधी करून घ्या.

याला परंपरा आहे बरं. आज शोरूममध्ये ज्याला मॉड्युलर किचन म्हणतात त्याची आजी १९२६ साली फ्रँकफुर्टमध्ये जन्मली. मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंनी कामगारांच्या घरांसाठी सव्वासहा फूट बाय अकरा फुटांचं आटोपशीर सैपाकघर आखलं. रेल्वेच्या जेवणाच्या डब्यात एवढ्याशा जागेत शेकडो माणसांचं जेवण होतं, तर घरात का नाही, हा विचार. पुढं म्हातारपणी बाईंनी स्वतःच सांगून टाकलं की, ते सैपाकघर आखलं तेव्हा आपण कधी सैपाक केलेलाच नव्हता. आपल्या पंथाच्याच म्हणायच्या. फक्त एक चूक त्यांनी केली. कुठल्या कामाला किती वेळ जातो, किती पावलं पडतात, हे त्यांनी बसून मोजलं. आपण तेवढं टाळायचं.

आमचं घर बेळगावच्या शहापुरातलं, म्हणजे मुळातच आगगाडीसारखं. सोपा, माजघर, सैपाकघर, परडं, एकामागं एक डबे जोडलेले. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, त्यामुळं उजेड यायचा तो मागच्या दारातून आणि कौलांत बसवलेल्या दोन काचांतून. अशा घरात पहिल्यांदा काय करायचं? ओपन किचन. माजघराची भिंत पाडायची. ती कुठवर पाडायची यावरून आमच्याकडं आई आणि मंडळी, म्हणजे आमची बायको, यांच्यात मतभेद झाले, पण आम्ही बेळगावकर, सीमेच्या वादाला १९५६ पासून सरावलेलो. थोरल्या काकांचा एकसदस्यीय आयोग नेमला. त्यांचा अहवाल महाजन आयोगाच्या वळणावरच गेला. एका बाजूनं लगेच मान्य केला, दुसरीनं तिथल्या तिथं फेटाळला. भिंत मात्र पडली. आता रविवारी मटणाचा वास थेट देवघरात जातो. देवांनाही वार कळायला लागलेत.

त्यानंतर थ्रीडी. हे चुकवू नका. शोरूममधला पोरगा लॅपटॉप फिरवून दाखवतो आणि आपलं सैपाकघर आपल्यालाच ओळखू येत नाही. कट्ट्यावर एका काचेच्या वाडग्यात सहा पिवळी लिंबं. खिडकीबाहेर समुद्र. (शहापुरात.) वर दांडीला उलटे टांगलेले दारूचे ग्लास. राकसकोप धरणाचं पाणी ज्या दिवशी नळाला सुटतं त्या दिवशी भरायची पिंपं, हंडे, कळशा यातलं काही त्या चित्रात नसतं, आणि तुम्हीही विषय काढू नका, पोरगा हिरमुसतो. खरे मांडे बेळगावात आजही खापरावर भाजतात. मनातले मात्र थ्रीडीत भाजून मिळतात आणि आगाऊ रक्कम तिथंच भरायची असते. दर फुटावर सांगतात. कुठला फूट, रनिंग की स्क्वेअर, हे सही झाल्यावर कळलं तर जास्त गंमत येते. बिजागऱ्या, चॅनल आणि हँडल वेगळे, हे त्याच्याही नंतर.

दगड निवडताना डोळे मिटून पांढरा संगमरवर घ्या. लिंबू आणि चिंच त्याला खातात, हळद त्यात मुरते, म्हणजे चार महिन्यांत कुठल्या दिवशी काय केलं होतं याची नोंद आपोआप कट्ट्यावर राहते. आमचा जुना कडाप्पा मुकाट तीस वर्षं मार खात होता. त्यालाही लिंबानं डाग पडायचे, पण काळ्यावर ते बघायला कुणाला सवड होती! मी स्वतः मात्र भावनेच्या भरात ग्रॅनाइट घेतला, तोही इलकलचा, लाल. आईची लुगडी जन्मभर इरकली, आता कट्टाही त्याच गावचा, तिला बरं वाटेल म्हणून. या साऱ्या कामात तिचा विचार मी केला तो एवढाच. तिनं हात फिरवून बघितला आणि म्हणाली, "लुगडं नेसायला बरं होतंय रे. हे काय नेसू?"

आता उंची. कारागिराला सांगायचं, चौतीस इंच. का चौतीस, तर शोरूममधला चौतीस आहे. जाणकार म्हणतात की, उभ्या माणसाच्या कोपराच्या खाली तीन-चार इंच कट्टा असावा, आणि कणीक तिंबायची, भाकरी थापायची जागा त्याहूनही खाली, कारण तिथं नुसते हात चालत नाहीत, खांद्यापासून वजन टाकावं लागतं. पण हे ऐकायचं तर कोपर मोजायला हवं आणि कोपर मोजायला ती बाई हवी, म्हणजे पथ्य मोडलं. माझी आई चार फूट नऊ इंच. नव्या कट्ट्यावर पहिल्या दिवशी ती भाकरी करायला उभी राहिली तेव्हा काठवटीची कड तिच्या छातीला लागत होती. दोनदा थापून बघितलं. पीठ पसरेना, भाकरी एका अंगाला जाड राहिली आणि तव्यावर टाकताना फाटली. ती काही बोलली नाही. देवघरातला जेवणाचा पाट आणून कट्ट्याला लावला, त्यावर चढली आणि उरलेल्या पाच थापल्या. तिसऱ्या भाकरीला पाट व्हिट्रिफाइड फरशीवर जरा सरकला. नवी फरशी गुळगुळीत असावी हा आग्रहही माझाच.

ट्रॉल्यांचं थोडक्यात सांगतो. बास्केट चार, सहा आणि आठ इंच उंचीच्या येतात, त्यांना कप-बशी, थाळी अशी घरगुती नावं असतात, त्यामुळं माणूस फसतो. लोणच्याची बरणी चौदा इंच. ती आता हॉलमध्ये शोकेसखाली असते, पाहुणे तिला अँटिक समजतात. सिंकखालच्या कपाटाला प्लायवूड ७१० ग्रेडचं, पाण्यात टिकणारं घालायचं असतं. तिथं आत कोण बघायला जातंय, म्हणून आपण पार्टिकल बोर्ड घालायचा. पहिल्या पावसाळ्यातच तो शिऱ्यासारखा फुगतो आणि दार मिटेनासं होतं. मऊपणे आपोआप मिटणाऱ्या बिजागरीला जादा पैसे मोजलेले असतात, ते असे सार्थकी लागतात.

चिमणी मोठ्यात मोठी घ्या. आमची बाराशेच्या सक्शनची आहे, म्हणजे तासाला बाराशे घनमीटर हवा ओढणार, असं खोक्यावर छापलंय. नळी जितकी सरळ आणि आखूड तितकी ओढ चांगली. पण बाजूच्या भिंती शेजाऱ्यांच्या, मग नळी छताखालून तीन वळणं घेत परड्यात काढली. प्रत्येक वळणावर थोडी थोडी ओढ सांडत जाते. त्या उन्हाळ्यात वर्षाच्या चटणीच्या मिरच्या भाजायला घेतल्या, रंगाला ब्याडगी आणि ठसक्याला संकेश्वरी. चिमणी घरघरत होती, निळा दिवा लागला होता आणि आम्ही सगळे गल्लीत उभे राहून खोकत होतो. गल्लीतल्या मावशी म्हणाल्या, "चिमणी बसवलासा म्हणे?" पूर्वी मिरच्या भाजताना माजघराचं दार ओढून घेत असू. आता दार नाही, भिंतच नाही.

सुताराविषयी तक्रार करू नका. आमचा गोकाक बाजूचा, हातात कला, बोलणं साखरेचं. काम मृगाच्या आत होणार होतं, मग बेंदराच्या आत, मग गणपतीच्या. फोन केला की, "नाळे बर्तेनरी." नाळे म्हणजे उद्या. भाषेवरून आपल्याकडं एवढं रान पेटतं, पण या एका शब्दाला दोन्ही भाषांत तंतोतंत सारखा अर्थ आहे, तो म्हणजे तारीख नाही. वरच्या लॉफ्टची दोन दारं अजून यायची आहेत.

तरी सैपाकघर दिसायला झकास झालंय, याबद्दल वाद नाही. पाहुण्यांना आधी तिकडंच नेतो. कट्ट्यावर काचेचं वाडगं ठेवलंय, त्यात सहा लिंबं. दारूच्या ग्लासांच्या दांडीला आईनं चहाची गाळणी आणि झारा अडकवलाय. गॅस चार बर्नरचा, काचेचा, आरशासारखा लखलखीत, कारण तो कुणी फारसा पेटवत नाही.

आमचा काढून टाकलेला कडाप्पा गवंडी नेणार होता, तो राहिला परड्यात पडून. एक दिवस बघतो तर पत्र्याखाली विटांचे दोन खांब रचलेले, त्यावर तो कडाप्पा, त्यावर जुनी दोन बर्नरची शेगडी, शेजारी पिंप आणि माळ्यावरून उतरलेलं फडताळ. चटणीच्या बरण्या फडताळात ओळीनं. विटा आईनं रचल्या, सिलिंडर मंडळींनी ओढत नेला. ज्यांच्यासाठी आयोग नेमावा लागला होता त्या दोघी एकीकडं थापत, एकीकडं भाजत होत्या, आणि यासाठी त्यांनी मला, मेव्हण्याला किंवा सायबाला काहीही विचारलं नव्हतं.

गेल्या रविवारी दोघी आत गेल्याचं बघून मी हळूच टेप लावला. एकोणतीस इंच. टेप गुंडाळतोय तेवढ्यात मागून आई आली.

"मोजून झालं असलं तर बस की. भाकरी गार व्हायलीय."