दानशूर व्हायचंय? बॅनर आधी छापा

नावापुढं 'दानशूर' लावून घ्यायची हौस असेल तर मराठवाड्यासारखा मुलूख नाही. २०१६ ला लातूरकरांना मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं आणि २०२५ च्या सप्टेंबरात सीना न् सिंदफणा या नद्या थेट स्वयंपाकघरात शिरल्या. गरजूंचा तुटवडा पडायचा नाही, निर्धास्त राहा.

आधी न्यास काढा. १९५० च्या कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंदवा. विश्वस्त घरातलेच घ्या, सह्या लवकर होतात.

दवाखाना काढलात तर दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बलांना सवलतीत, हा नियम बोर्डावर ठळक लिहा. बोर्ड जिन्याखाली लावा.

सप्ताहाची वर्गणी गावाची, अन्नदाते तुम्ही.

आता वाटप. हे मात्र नीट शिका, यात खरी कला आहे. त्याच वर्षी दसरा झाल्यावर शेजारच्या काकूंना गाडीवर घेऊन मी अशा एका वाटपाला गेलो होतो. काकूंचं सोयाबीन गेलं, एक शेळी गेली, घरात गुडघाभर गाळ. 'बरोबर नऊला या' असा निरोप होता. आधारची झेरॉक्स, रेशनकार्डाची झेरॉक्स, पंचनाम्याची झेरॉक्स. तालुक्यात पुरानं एकाच माणसाचं भलं केलं, झेरॉक्सवाल्याचं. मांडवात पुढं सोफे, मागं सतरंजी. कोण कुठं बसणार हे सांगायला नकोच. दीपप्रज्वलन झालं, मग सत्कार. मी बसल्या बसल्या मोजले, चौदा शाली! थंडीत जिला पांघरायला काही उरलं नाही अशी एकही बाई त्या चौदांत नव्हती. मग महाराज उठले आणि तासभर बोलले, 'संसार नाशिवंत आहे, मोह सोडा.' ज्यांचा संसार पंधरा दिवसांपूर्वी भांड्याकुंड्यांसकट वाहून गेला त्यांना! शेवटी नाथांची कावडीची गोष्ट सांगून दीड वाजता किट निघाले. पाच किलो पीठ, किलोभर तूरडाळ, अर्धा लिटर तेल आणि अध्यक्षांच्या फोटोचं कॅलेंडर. काकूंनी तोंडावर पदर ओढला तर फोटोवाला म्हणतो, "मावशी, पदर काढा, चेहरा येत नाही. हसा की जरा!" पिशवीवरचं नाव उलटं आलं म्हणून काकूंना परत उभं केलं. पुन्हा हात पुढं, पुन्हा हसा.

संध्याकाळी तो फोटो गावाच्या ग्रुपवर. दुसऱ्या दिवशी शाळेत पोरांनी काकूंच्या नातवाला 'किटवाला' म्हणून चिडवलं. पोरगं दोन दिवस शाळेत गेलं नाही. पाच किलो पिठाला एवढी किंमत?

अहो, नांदेड काही परदेशात नाही. गुरुद्वाऱ्याच्या लंगरात जाऊन बसा एकदा. हमाल आणि बागायतदार एकाच पंगतीत, कोणी जात विचारत नाही की आधार मागत नाही. (वाढणाऱ्यांतही कोण मोठा, कोण लहान, मला तरी कधी ओळखू आलं नाही.) आणि ती नाथांची गोष्ट? पैठणच्या नाथांनी रामेश्वरासाठी आणलेलं गंगेचं पाणी तहानलेल्या गाढवाच्या तोंडात ओतलं. दाखला आण, मग पाजतो, असं म्हणाले नाहीत. गाढवाला वर बघ, हस जरा, असंही म्हणाले नाहीत. तुमच्याच मांडवात, तुमच्याच माइकवर ही गोष्ट सांगितली आणि पाचव्या मिनिटाला म्हाताऱ्या बाईचा पदर ओढलात. लाज कशी वाटली नाही?

आणि पीठ तरी कुणाच्या पैशाचं? तुमच्या दानपेटीत याच काकू दर एकादशीला अकरा रुपये टाकतात. चाळीस वर्षं टाकतायत. त्यांनी कधी पेटीसमोर उभं राहून फोटो काढला नाही. तिचंच तिला परत देताना तुम्हाला फेटे लागतात, सोफे लागतात, चौदा शाली लागतात.

पुढच्या वेळी किट रात्री दारात ठेवा आणि निघून जा. कॅलेंडर आधी काढून घ्या.