पिन, सळाख आणि उलार ट्रॉली

यंदा सोयाबीन घेऊन बाजार समितीत निघालो आणि नाल्याच्या पुलाच्या चढावर आमची ट्रॉली ट्रॅक्टरला सोडून मागे निघाली. 60 कट्टे, म्हणजे 36 क्विंटल माल. मागे मोटारसायकलवर नवरा-बायको. त्यानं गाडी सरळ तुरीत घातली म्हणून आज ही पोस्ट लिहायला मी घरी आहे.

चूक माझीच. ट्रॉली ट्रॅक्टरला जोडणारी पिन मीच टाकली होती. पिन कसली, स्लॅबच्या कामातून उरलेला 16 एमएम सळाखीचा तुकडा, वरून वाकवलेला. हुकाचं भोक त्याच्या दुप्पट. खाली लॉक नाही. गिअर टाकला की ठक, ब्रेक दाबला की ठक. वर्षभर तो आवाज येत होता, पण गाण्यांचा डेक लावला की ऐकू येत नव्हता. डेकला 9 हजार घातले होते, पिनीला काही शे रुपये निघाले नाहीत.

संध्याकाळी मोठे काका आले. पिन पाहिलीच नाही त्यांनी. सांडलेल्या कट्ट्यांकडे पाहून म्हणाले, "उलार भरली होती न बावा. बैल असते तं पहिल्याच चढावर समजलं असतं."

नव्या पोरांसाठी सांगतो. बैलगाडीत माल मागे जास्त झाला की गाडी उलार होते, जू वर उचलतं, जोतं बैलाच्या गळ्याला लागतं. पुढे जास्त झाला तर सगळं वजन मानेवर. म्हणून जुनी माणसं गाडी भरली की जू हातानं उचलून बघायची. थोडं जड लागलं पाहिजे, बस. दोन चाकी ट्रॉलीचं गणित अगदी तेच. माल ॲक्सलच्या किंचित पुढे हवा. आमच्या हमालांनी मागच्या फाळक्याकडून भरत आणली, मागे थप्पी उंच झाली, आणि मी फोनवर भाव विचारत उभा. चढावर ट्रॉलीची पुढची दांडी वर उसळली, सैल सळाख तिच्यासोबत निघाली. मग ट्रॉलीची शेपूट रस्त्याला टेकली, दांडी आभाळाकडे, आणि डांबर खरवडत पंधरा-वीस फुटांवर थांबली. उलार होती म्हणून सुटली आणि उलार होती म्हणूनच थांबली!

बैलाचा खांदा आला, म्हणजे सुजला, की तो पाऊल टाकत नाही. ट्रॅक्टर कुरकुरत नाही. पोळ्याला त्यालाही हार घालतो आपण, पण आदल्या दिवशी, बैलांची खांद शेकताना, त्याचा हुक कोण बघतं?

आता भोकाला घट्ट बसणारी पिन घेतली, खाली लॉक लावलं. दोन साखळ्या दांडीखालून एकमेकींना छेदून थेट ट्रॅक्टरच्या बॉडीला अडकवल्या, म्हणजे पिन गेली तरी दांडी साखळ्यांवर पडेल. वळताना ताणू नयेत इतक्या लांब, जमिनीला घासू नयेत इतक्या आखूड.

"45 एचपी आहे, काही होत नाही" हे वाक्य मला आता ऐकवत नाही. एचपी ओढायला. थांबवायला ट्रॅक्टरचे मागचे दोनच ब्रेक, कारण आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेकच नाही. वावरात वळायला सुटे सोडलेले ब्रेकचे दोन पेडल रस्त्यावर जोडले नाहीत तर एकच चाक धरतं आणि ट्रॉली आडवी येते. उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्यांना तर काय बोलावं.

आणखी एक. काळ्या मातीत ट्रॉली फसली की साखळी वर टॉप लिंकला, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या वरच्या दांड्याला बांधतात. तसं करू नका. ओढ मागच्या ॲक्सलच्या वर गेली की पुढची चाकं उठतात, आणि ट्रॅक्टर मागे उलटायला एक-दीड सेकंद पुरतो. क्लच दाबायलाही सवड मिळत नाही. साखळी खालच्या हुकालाच बांधायची, नसेल निघत तर आधी माल उतरवायचा.

परवा जिनिंगच्या लाईनीत 11 ट्रॉल्या उभ्या होत्या. खाली वाकून पाहिलं, 4 मध्ये सळाख, एकीत चक्क पाना. पानावाल्याला म्हटलं, दादा, हे बरोबर नाही. तो म्हणाला, "पाना तिथं अडकवला की हरपत नाही न बाप्पा. कामाच्या वेळी लगेच सापडते."